अमेरिकेत नवीन आहात? बंदुकीला हात लावण्याआधी हे वाचा

गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला. टेक्सासमध्ये एमएस करतोय, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर. "मावशी, शनिवारी लॅबमधले सगळे शूटिंग रेंजवर चाललेत. गन तिथेच भाड्याने मिळते. मी पण जातोय."

"जा, पण गनला हात लावू नकोस," मी म्हटलं.

त्याला वाटलं, मावशी घाबरली. "अगं, इथे लायसन्ससुद्धा लागत नाही. टेक्सास आहे हे!"

टेक्सासबद्दल त्याचं बरोबर होतं, स्वतःबद्दल चुकत होतं. असा घोटाळा इथे नव्याने आलेल्या कितीतरी मराठी मुलांचा होतो, आणि एका दुपारच्या गंमतीपायी व्हिसा, नोकरी, सगळंच पणाला लागू शकतं. म्हणून हे सविस्तर लिहायला बसले. मी नऊ वर्षं डॅलसजवळ काढली, आता न्यू जर्सीत आहे. ग्रीन कार्ड आल्यावर टेक्सासमधल्या आमच्या घरात एक पिस्तूल होतं. इकडे येताना ते विकून आलो. बंदुकीच्या बाबतीत दोन टोकांवर असलेल्या दोन राज्यांत संसार झाला, त्यामुळे फरक रोजच्या जगण्यातून कळला. मी वकील नाही. स्वतःच्या प्रकरणात प्रश्न असेल तर वकिलाला विचारा, पण काय विचारायचं ते इथून घेऊन जा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आपल्याकडे १९५९चा शस्त्र अधिनियम सगळ्या देशाला एकच. सातारा असो की सिलीगुडी, बंदुकीचा परवाना त्याच कायद्याखाली मिळतो. इथे तसं नाही. सर्वांत खाली फेडरल, म्हणजे केंद्राचा कायदा, त्यावर राज्याचा, कुठेकुठे त्यावर शहराचाही. हे सगळे एकाच वेळी लागू असतात. राज्याने ढील दिली म्हणून फेडरल बंदी उठत नाही, आणि फेडरल कायद्यात बंदी नाही म्हणून राज्याची बंदी टळत नाही.

पहिली पायरी: राज्य नंतर, आधी पासपोर्टवरचा व्हिसा बघा

फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. शिकायला एफ-वनवर, नोकरीला एच-वन किंवा एल-वनवर, जोडीदारामागून एच-फोरवर, आणि नातवंडांना भेटायला बी-टूवर आलेले आपले आईवडील, सगळे यात आले. शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काही काळ काम करत असलेला मुलगाही एफ-वनवरच असतो. "बाळगणं" म्हणजे मालकीच हवी असं नाही. रेंजवर भाड्याची गन हातात घेतली, तेवढा वेळ ती तुमच्या ताब्यात आलीच. या गुन्ह्याची शिक्षा २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत आहे.

हे पुस्तकी नाही. फ्लोरिडात एफ-वनवर आलेल्या एका विद्यार्थ्याला नापास झाल्यामुळे विद्यापीठाने काढून टाकलं, त्याचं स्टेटस, म्हणजे इथे कायदेशीर राहण्याचा दर्जा गेला. त्यानंतर तो रेंजवर गेला आणि त्याने दोन बंदुका चालवून पाहिल्या. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ सालच्या रहीफ खटल्यात न्यायालयाने म्हटलं की, आपण बंदी असलेल्या गटात आहोत हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. त्याला तेवढा आधार मिळाला. पण आपण एफ-वनवर किंवा एच-वनवर आहोत हे तुम्हा-आम्हाला पक्कं माहीत असतं. तो आधार आपल्याला कसा मिळणार?

या बंदीला अपवाद आहेत. मुख्य अपवाद शिकारीच्या परवान्याचा. एखाद्या राज्याने रीतसर दिलेलं, मुदतीतलं हंटिंग लायसन्स जवळ असेल तर फेडरल बंदी लागू होत नाही. काही जण एवढ्यासाठीच ते काढतात. माझं मत सांगते: ज्याचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय, त्याने इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. लायसन्सची मुदत रविवारी संपली आणि तुम्ही सोमवारी रेंजवर असलात तर संरक्षण संपलं. शिवाय राज्याचे नियम वेगळे आडवे येऊ शकतात.

ग्रीन कार्डचा अर्ज टाकलाय म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं, असं नव्हे. कार्ड हातात आलं की फेडरल कायद्याच्या नजरेत बंदूक घेण्याचा हक्क नागरिकासारखाच. मात्र बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, कारण हद्दपारीच्या कारणांत ते स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. शेजारच्या अमेरिकनाला दंडावर भागेल अशी चूक आपल्याला फार महाग पडू शकते.

एकाच घरात वेगवेगळी स्टेटस असतात, ती गोष्ट वेगळी समजून घ्या. नवऱ्याचं ग्रीन कार्ड आहे आणि सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. ते सैन्यातून निवृत्त झालेले, गावाकडे त्यांची परवान्याची बारा बोअर. साहजिकच म्हणणार, "बघू रे, कशी आहे." नाही द्यायची. सेफची किल्ली किंवा नंबरही त्यांच्याकडे नको, कारण किल्ली ज्याच्या हाती त्याचा ताबा, असा अर्थ निघू शकतो. त्यांना वाईट वाटेल. आधीच बसून समजावून सांगा, पाहुण्यांसमोर "नको बाबा" म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

दसऱ्याला हेच होतं. शस्त्रपूजा म्हणून एका ओळखीच्या घरी पाटावर झेंडूच्या फुलांत खरं पिस्तूल मांडलेलं मी पाहिलंय. जमलेले निम्मे पाहुणे एच-वनवर, आणि जो तो उचलून फोटो काढत होता. तो फोटो नंतर चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. पूजा करायची तर करा, पण सेफच्या दाराला हळदकुंकू वाहा आणि दार बंदच ठेवा.

दुसरी पायरी: तुम्ही कोणत्या राज्यात आहात?

आता राज्य. इथे "अमेरिकेत असं असतं" हे वाक्य विसरून जायचं.

टेक्सासमध्ये बंदूक घरात ठेवायला राज्याचं लायसन्स लागत नाही, नोंदणी नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल बरोबर बाळगायलाही परमिट लागत नाही. २०२४ पर्यंत अशी राज्यं २९ झाली. फ्लोरिडा आणि जॉर्जिया त्यांत आहेत. व्हर्माँटने तर असं परमिट कधी मागितलंच नाही.

न्यू जर्सीत उलट. रायफल किंवा शॉटगन घ्यायची तर आधी फायरआर्म्स परचेसर आयडेंटिफिकेशन कार्ड काढायचं. पिस्तूल घ्यायचं तर प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परमिट, तेही ९० दिवसांचं, आणि ३० दिवसांत एकच पिस्तूल. अर्ज गावच्या पोलिसांकडे, बोटांचे ठसे, दोन ओळखीच्या माणसांचे संदर्भ, मानसिक आरोग्याच्या नोंदींची तपासणी. दहापेक्षा जास्त गोळ्या मावतील असं मॅगझिन इथे बेकायदा आहे. टेक्सासमध्ये दुकानातून पिस्तुलाबरोबर जे मॅगझिन सर्रास मिळतं, ते इथे आणणं म्हणजे गुन्हा.

न्यू जर्सीची एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास दगा देते: छर्र्याची बंदूक. आपण जत्रेत फुगे फोडलेले. भारतात कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यामुळे ती आपल्या डोक्यात खेळण्याच्या खात्यात बसलेली. न्यू जर्सीच्या कायद्यात एअर गन आणि बीबी गन ही फायरआर्मच आहे, विकत घ्यायला तेच कार्ड किंवा परमिट लागतं. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या काकांनी मुंजीला पुतण्याला हौसेने बीबी गन दिली आणि ती गाडीत घालून तुम्ही डेलावेअर नदीचा पूल ओलांडलात, की खेळण्याचं शस्त्र झालं.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. इलिनॉयमध्ये बंदूकच काय, काडतूस जवळ ठेवायलाही राज्याच्या पोलिसांकडून फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक मालकाचं ओळखपत्र लागतं. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल घरात ठेवायलाही लायसन्स लागतं. त्या कायद्याचं मूळ १९११ सालचं आहे. न्यूयॉर्क शहरात रायफल-शॉटगनलाही वेगळं परमिट. मॅसॅच्युसेट्समध्ये लायसन्स स्थानिक पोलिसांकडून, आधी सुरक्षिततेचा कोर्स. कॅलिफोर्नियात लेखी परीक्षा देऊन सेफ्टी सर्टिफिकेट घ्यायचं, आणि पैसे भरल्यावरही दहा दिवस थांबायचं.

तुमच्या राज्यासाठी राज्य पोलीस किंवा अॅटर्नी जनरल (राज्याचे मुख्य सरकारी वकील) यांचं सरकारी संकेतस्थळ वाचा. कायदे दरवर्षी बदलतात, न्यायालयंही ते उलटवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या ब्रुएन निकालाने पिस्तूल बरोबर बाळगायचं परमिट देण्याचा न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द केला, आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मेरीलँडसारख्या राज्यांना बाळगण्याच्या परमिटचे नियम नव्याने लिहावे लागले. महाराष्ट्र मंडळातल्या कुणी २०१८ साली सांगितलेलं आज चालेलच असं नाही.

तिसरी पायरी: विकत घेताना

परवानाधारक दुकानातूनच घ्या. तिथे फेडरल फॉर्म ४४७३ भरायचा असतो, त्यावरून बॅकग्राउंड चेक, म्हणजे तुमच्या पूर्वीच्या नोंदींची तपासणी होते. फेडरल नियमाने दुकानातून रायफल-शॉटगनला १८ वर्षं, पिस्तुलाला २१; काही राज्यांत सगळ्यालाच २१. फॉर्मवर नॉन-इमिग्रंट व्हिसाचा प्रश्न सरळ विचारलेला आहे, तसाच गुन्ह्यांचा, घरगुती हिंसेचा, कोर्टाच्या मनाई हुकुमाचा. आणि गांजाचा. तुमच्या राज्यात गांजा दुकानात कायदेशीर मिळत असेल, तरी फेडरल कायद्यात तो बेकायदाच, हे त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. खोटं उत्तर हा स्वतंत्र, गंभीर गुन्हा आहे.

दोन मित्रांमधला एक व्यवहार मला मुद्दाम सांगायचाय, कारण तो चांगुलपणातून होतो. "तुझं ग्रीन कार्ड आहे ना, माझ्यासाठी तू घे, पैसे मी देतो." याला इथे स्ट्रॉ परचेस म्हणतात. घेणारा अडकतो, घ्यायला लावणाराही अडकतो. मित्राला कितीही राग आला तरी हे करू नका.

टेक्साससारख्या राज्यांत दोन व्यक्तींनी आपसात बंदूक विकली तर बॅकग्राउंड चेकची सक्ती नाही. तरी आम्ही विकताना दुकानातच गेलो, पावती घेतली. उद्या ती बंदूक कुठे सापडली तर माझ्या घरची नाही हे दाखवायला कागद हवा.

चौथी पायरी: घरात ठेवणं

सगळं सोडून एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

आपण लपवणारी माणसं आहोत. सोनं तांदळाच्या डब्यात, पैसे साडीच्या घडीत, किल्ली देव्हाऱ्यामागे. लपवलं की सुरक्षित झालं, असं आपल्या हाडात भिनलंय. माझ्याही भिनलं होतं. पिस्तूल आम्ही स्टीलच्या छोट्या पेटीत, कुलपात ठेवलं होतं, अगदी नियमाप्रमाणे. पेटीची किल्ली मात्र मी माझ्या कुंकवाच्या करंड्यात टाकली होती, खालच्या कप्प्यात, कुंकवाच्या पुडीखाली. मला वाटायचं, तिथे कोण बघणार?

चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी सात वर्षांची लेक समोर येऊन उभी राहिली. बोटं लाल, तळहातावर ती किल्ली. "आई, ही कशाची गं?"

बायका ओटी भरून घेत बसल्या होत्या, कुणी हसत होतं, आणि माझ्या पायातलं बळच गेलं. तिने पेटी पाहिलीही नव्हती. पण पेटी कुठल्या कपाटात आहे ते तिला ठाऊक होतं, हे त्याच रात्री तिला विचारल्यावर कळलं. मुलांना घरातलं सगळं माहीत असतं. चकल्यांचा डबा किती उंच ठेवला तरी सापडतो ना? दुसऱ्या दिवशी आम्ही नंबरचं कुलूप असलेली सेफ आणली, भिंतीला बोल्टने आवळली. नंबर वाढदिवसाचा नाही, लग्नाच्या तारखेचा नाही, गाडीचाही नाही.

तेव्हा हे करा. बंदूक रिकामी ठेवा, कुलपात ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा तत्सम साधन देणं परवानाधारक दुकानदाराला फेडरल कायद्याने बंधनकारक आहे. ते खोक्यातच पडून राहू देऊ नका. केबल लॉक बऱ्याच ठिकाणी पोलीस ठाण्यात फुकट मिळतं, मॅगझिन काढून, रिकाम्या बंदुकीच्या गोळी जायच्या वाटेतून केबल ओवून लावायचं, ट्रिगरभोवती नाही. जाऊन मागा, कुणी चौकशा करत बसत नाही.

कायदा काय म्हणतो? मॅसॅच्युसेट्समध्ये मुलं असोत-नसोत, बंदूक तुमच्या थेट ताब्यात नसेल तेव्हा ती कुलपातच हवी. कनेक्टिकटमध्ये २०१९ पासून १८ खालच्या मुलाच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवणं गुन्हा, ती भरलेली असो वा रिकामी. मिशिगनमध्ये असाच कायदा १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. टेक्सासमध्ये कुलपाची सरसकट सक्ती नाही, पण १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर ती तिथे ठेवणारा जबाबदार धरला जातो.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने गोळ्या झाडून चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. बंदूक वडिलांनी चारच दिवस आधी घेतली होती. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. "आम्हाला कल्पना नव्हती" हे आता न्यायालय ऐकून घेईलच असं नाही.

आणि चोरापेक्षा मोठा धोका घरातल्याच कुणाच्या तरी वाईट रात्रीचा असतो, हे मी जड मनाने लिहिते. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं गेली, त्यांतल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. व्हिसाची टांगती तलवार, सुटलेली नोकरी, कॉलेजात एकटं पडलेलं पोर, हे आपल्या घरांत आहे. घरात कुणी खचलेलं दिसलं तर ते सावरेपर्यंत बंदूक घराबाहेर ठेवा. बरेच बंदूक दुकानदार आणि काही पोलीस ठाणी तात्पुरती ठेवून घेतात, तुमच्या राज्यातली रीत फोन करून विचारा. ९८८ या मानसिक आधाराच्या नंबरवर चोवीस तास माणूस बोलतो. तिथे फोन करायला बंदूक असायला हवी असं काही नाही, मन जड असणं पुरेसं आहे.

ज्यांच्या घरी बंदूक नाही त्यांनीही एक करा. मुलाला मित्राकडे खेळायला किंवा रात्री राहायला पाठवण्याआधी विचारा: "तुमच्याकडे गन आहे का? कुलपात असते का?" पहिल्यांदा विचारताना मला संकोचाने घाम फुटला होता. त्या बाईने शांतपणे सेफ कुठे आहे ते सांगितलं, आणि मी विचारलं म्हणून माझे आभार मानले. शेंगदाण्याची अॅलर्जी सांगतो, कुत्रा आहे का विचारतो, तसंच हे.

पाचवी पायरी: बरोबर बाळगणं

घरात असणं आणि कमरेला असणं, या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यू जर्सीत घरात रीतसर असलेलं पिस्तूल परमिटशिवाय कमरेला लावून बाहेर पडलात तर किमान साडेतीन वर्षं पॅरोलविना तुरुंग, असा कायदा आहे.

परमिट न लागणाऱ्या राज्यातही कुठेही नेता येत नाही. टेक्सासमध्ये दुकानांच्या दारावर ३०.०५, ३०.०६, ३०.०७ असे आकडे असलेल्या पाट्या दिसतील. ते दंडसंहितेच्या कलमांचे आकडे आहेत, कोणत्या प्रकारे बंदूक आत आणायची नाही ते सांगणारे. लाल अक्षरांत ५१ टक्के लिहिलेलं असेल तर ती जागा मुख्यतः दारूच्या विक्रीवर चालते, आत बंदूक नाही. पोस्ट ऑफिस, फेडरल इमारती, कोर्ट इथे नाहीच.

आणि शाळा. आपल्या लोकांनी हे नीट ऐका, कारण आपला गणपती, आपली नाटकं, दिवाळीचा कार्यक्रम सगळं हायस्कूलच्या भाड्याच्या सभागृहात होतं. सुट्टीच्या दिवशी, ढोल-ताशा चालू असला तरी ती जागा शाळाच असते. फेडरल कायद्यात शाळेच्या हजार फुटांच्या आत बंदूक नेण्यावर बंदी आहे. त्या राज्याचं लायसन्स असलेल्याला, किंवा रिकामी बंदूक कुलूपबंद पेटीत असलेल्याला त्यातून सूट मिळते. टेक्सासमध्ये परमिट सक्तीचं नसलं तरी जाणकार ते काढतात, त्याचं एक कारण हे. मंडळाच्या कार्यकर्त्यांना विनंती: आमंत्रणात "सभागृहात आणि आवारात शस्त्र आणू नये" अशी एक ओळ घाला.

पोलिसांनी गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, रात्र असेल तर आतला दिवा लावा, आणि कागद काढायला हात घालण्याआधी बोला. मिशिगनमध्ये परमिट असलेल्याने बंदूक जवळ आहे हे आपणहून लगेच सांगायचं असतं. टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितलं की बाळगण्याचं लायसन्सही दाखवायचं. बंदूक कुठे आहे ते तोंडाने सांगा. तिकडे बोट करू नका, हात तर मुळीच नेऊ नका.

सहावी पायरी: हद्द ओलांडताना

एका राज्याचं बाळगण्याचं परमिट दुसऱ्यात चालेलच असं नाही. न्यू जर्सी तर कुणाचंच मानत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई, तिच्या राज्याचं रीतसर परमिट असलेली, न्यू जर्सीत गाडी चालवत होती. पोलिसांनी थांबवल्यावर तिने स्वतःहून प्रामाणिकपणे सांगितलं, बंदूक आहे म्हणून. तिला अटक झाली, तुरुंगवास घडला, आणि शेवटी २०१५ मध्ये राज्यपालांनी माफी दिली तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. नदीच्या अलीकडे-पलीकडे एवढंच अंतर होतं.

नुसतं एखाद्या राज्यातून पार व्हायचं असेल तर १९८६चा फेडरल कायदा संरक्षण देतो, पण अटी आहेत: निघतो तिथे आणि पोचतो तिथे बंदूक बाळगणं कायदेशीर हवं, ती रिकामी हवी, ती आणि काडतुसं हाताशी नकोत. गाडीला वेगळी ट्रंक नसेल, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या त्या मिनीव्हॅनमध्ये, ती कुलूपबंद पेटीत हवी. ग्लव्ह कंपार्टमेंट किंवा मधला कप्पा चालत नाही. आणि थांबू नका. वाटेत मावसबहिणीकडे दोन दिवस मुक्काम केलात तर तो प्रवास "पार होणं" राहत नाही.

विमानात तर आणखी जपा. बंदूक रिकामी, टणक कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, आणि काउंटरवर सांगून. २००५ मध्ये युटाचा एक प्रवासी असंच सगळं नियमाने करून निघाला होता. नेवार्कला त्याचं पुढचं जाणं चुकलं, बॅग हातात मिळाली, ती घेऊन तो रात्री हॉटेलात झोपला. सकाळी काउंटरवर नेहमीप्रमाणे बंदूक आहे असं सांगितलं आणि तिथेच अटक. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण त्याने भरलेला नुकसानभरपाईचा दावा २०१० मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला: हॉटेलात बंदूक हाताशी होती, म्हणून फेडरल संरक्षण नाही. अशी वेळ आली तर बॅग स्वीकारू नका, ती विमान कंपनीच्याच ताब्यात राहू द्या.

राज्य बदलून राहायलाच जाणार असाल तर पॅकर्सना फोन करण्याआधी नव्या राज्याचे नियम वाचा. कॅलिफोर्नियात आल्यावर ६० दिवसांत बंदुका राज्याला कळवाव्या लागतात. न्यू जर्सीत काय आणता येईल, कोणतं मॅगझिन नाही, हे आम्ही तीन रात्री बसून वाचलं आणि मग विकायचं ठरवलं. ते ओझं उतरलं याचं मला आजही बरं वाटतं. तुमचा निर्णय वेगळा असेल, तो तुमच्या घराचा.

सातवी पायरी: भारतात जाताना बॅग झटका

ग्रीन कार्डवाले किंवा नागरिक झालेले कौतुकाने रेंजवर जातात, आणि आठवण म्हणून रिकामी पुंगळी खिशात टाकतात. कधी न उडालेलं काडतूस बॅगेच्या अस्तरात राहून जातं. तीच बॅग घेऊन डिसेंबरात मुंबईला जायचं, येताना विमानतळाच्या एक्स-रेमध्ये ते चकाकतं. भारताच्या शस्त्र अधिनियमात काडतूसही येतं, एक असलं तरी. "चुकून राहिलं" म्हणणाऱ्या प्रवाशांची अशी कितीतरी प्रकरणं उच्च न्यायालयांनी नंतर रद्द केली आहेत, पण तोवर विमान चुकलेलं असतं, गुन्हा नोंदलेला असतो आणि सुट्टी पोलीस ठाण्यात व वकिलाकडे संपलेली असते.

रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरूच नका. वापरायचीच असेल तर सगळे कप्पे उलटे करून, पांढऱ्या चादरीवर झटकून बघा, शिवणीत बोट घालून चाचपून बघा. जॅकेटचे आतले खिसेही. आणि ट्रिपला निघणाऱ्या धाकट्या भावाने "जरा तुझी बॅग दे" म्हटलं, तर ती त्याच्या हातात देण्याआधी हे सगळं तुम्ही करा.